पूर ओसरला, आता साथ येईल का?

प्रश्न : २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणाच्या विसर्गाने पुण्यातल्या एकतानगरीत पाणी शिरलं. गुडघाभर पाण्यातून चालत बाहेर पडलो. मेलेल्या जनावरांमुळे साथ येते म्हणतात. घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्याव्यात का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : घाबरू नका. मेलेल्या जनावरांपेक्षा जिवंत उंदरांची काळजी अधिक करा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. जखम असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. गरोदर बायका आणि लहान मुलांना तर नाहीच. महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पुरातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. सोसायटीची जमिनीखालची टाकी उपसून, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक होईपर्यंत पाणी नितळ दिसलं तरी उकळूनच प्या.