आधार क्रमांक : दाखवावा कोठे, जपावा कसा?

वाचकहो, या सदरात आपण नेहमी खाण्यापिण्याचे पथ्य पाहतो. आज आधार क्रमांकाचे पथ्य पाहू. माझ्याकडे येणारे काही रुग्ण न मागता आधारची झेरॉक्स टेबलावर ठेवून जातात. काहीजण मात्र 'कार्ड सापडत नव्हतं, डॉक्टर' म्हणत तीन-तीन आठवडे खोकला अंगावर काढतात. दोन्ही सवयी बऱ्या नव्हेत.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला. हा १२ अंकी क्रमांक माणसाची ओळख पटवतो. त्यात आजाराची नोंद नसते. त्यामुळे क्रमांक दिला म्हणजे आपला क्षयरोग किंवा एचआयव्ही गावभर होईल, ही भीती खरी नाही. मात्र एकाच कागदावर नाव, क्रमांक आणि आजार लिहिलेला असेल व तो कागद उघडा पडला, तर बोभाटा होतो. जपायचे आहे ते हे.

कार्ड नाही म्हणून उपचार अडतात का? अडू नयेत. आधार नाही या कारणावरून रुग्णालयात दाखल करणे किंवा औषध देणे नाकारू नये, असे आधार प्राधिकरणानेच फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर केले आहे. अपघात, बाळंतपण, छातीत कळ अशा वेळी कार्ड शोधत बसू नका. आधी रुग्णाला हलवा.

सरकारी पैशाचा लाभ घेताना मात्र आधार लागतो. ७० वर्षांवरील नागरिकांना मिळणारे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड हे त्याचे उदाहरण. तेथे क्रमांक जरूर द्यावा. 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक वेगळा. तो ऐच्छिक आहे आणि त्याला जोडलेले रिपोर्ट पाहण्यासाठी तुमची संमती लागते.

आता पाळायची पथ्ये :

१) कोणी क्रमांक मागितल्यास 'कशासाठी?' असे नम्रपणे विचारावे.

२) शक्य तेथे पहिले ८ अंक झाकलेली आधारची प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

३) रिपोर्ट आणि आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नयेत.

४) मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरून कोणालाही सांगू नये, समोरचा स्वतःला दवाखान्याचा माणूस म्हणवत असला तरी.

५) नुसत्या क्रमांकावर बँकेतून पैसे निघत नाहीत, परंतु त्याला अंगठ्याची जोड मिळाली की निघू शकतात. म्हणून अंगठा लावण्यापूर्वी कारण विचारावे. बोटांचे ठसे संकेतस्थळावर 'लॉक' करून ठेवता येतात.

६) उसाच्या फडात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांनी डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय मागावी.

शंका असल्यास १९४७ या क्रमांकावर विचारता येते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आजी-आजोबांना ही माहिती वाचून दाखवावी.

क्रमांक जपून वापरावा. पण त्याच्या भीतीने आजार मात्र डॉक्टरांपासून लपवू नये. लपवलेला क्षय घरातल्या लेकराबाळांनाही गाठतो.