वारस नोंद, नॉमिनी आणि आपलं मृत्युपत्र

मैत्रिणींनो, गटाच्या बचतीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. पण घरातलं माणूस गेल्यावर जमीन, घर, खातं कोणाच्या नावावर जाणार हा विषय निघाला, की "अशुभ बोलू नका गं" म्हणून गप्प बसतो. या अंकात तोच विषय घेतला आहे.

बैठकीत नेहमी येणारा प्रश्न : "नॉमिनी मीच आहे, मग पैसा माझाच ना?" बँक खात्यापुरतं उत्तर आहे, नाही. नॉमिनी म्हणजे बँक ज्याच्या हाती पैसे देते तो. त्यावर हक्क वारसांचाच. तरी नॉमिनी लावाच. नाव नसलं की बँक वारसाचे पुरावे मागते आणि हेलपाटे वाढतात. पासबुक काढून बघा, कित्येकींच्या खात्यावर अजून वारलेल्या सासूबाईंचंच नाव असतं! खात्यातून वर्षाला 436 रुपये (जीवनज्योती) किंवा 20 रुपये (सुरक्षा विमा) कटतात का, तेही घरी सांगून ठेवा. जीवनज्योतीत मृत्यूनंतर 2 लाख मिळतात, सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख. घरच्यांना ठाऊकच नसेल तर मागणार कोण?

आता जमीन. नवरा वारला म्हणून सातबाऱ्यावर बायकोचं नाव आपोआप चढत नाही. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र देऊन वारस नोंदीचा अर्ज करायचा. उशीर झाला तरी हक्क जात नाही, फक्त त्रास वाढतो. "सर्व वारस" इथेच घोळ होतो. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने त्याच्या वाट्यात बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची हयात आई, सगळ्यांचा सारखा हिस्सा. (बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच कायदा. मुस्लिम आणि आदिवासी भगिनींचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.) "पोरीचं लग्न झालंय, तिचं नाव कशाला?" म्हणून नाव गाळलं, तर पुढे जमीन विकताना प्रकरण कोर्टात जातं.

वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला. 2005 च्या आधी वडील वारले असले तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. मग येतं हक्कसोडपत्र. माहेर तुटेल ही भीती खरी आहे, त्यावर कायद्याकडे औषध नाही. पण सही द्यायचीच तर वाचून, समजून द्या. एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड. आणि "नुसती वारस नोंदीची सही आहे" म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नको.

शेवटची गोष्ट कोणी सांगत नाही. बाईनं कष्टानं घेतलेल्या प्लॉटचं काय? हिंदू बाई मृत्युपत्र न करता वारली आणि नवरा, मुलंबाळं, नातवंडं कोणी मागे नसलं, तर तिची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर-पुतण्यांकडेही जाऊ शकते. तिच्या आईचा नंबर त्यानंतर. सांभाळलं आईनं, मिळालं पुतण्याला! हे नको असेल तर मृत्युपत्र हाच उपाय. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. तुमची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही देताय त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. मन बदललं तर नवीन करता येतं. लिहायचं मात्र फक्त आपल्या मालकीचं. दिराच्या वाट्याची विहीर लेकीला देता येत नाही.

कागद ट्रंकेत ठेवा आणि कुठे ठेवलाय ते विश्वासाच्या दोघांना सांगा. धान्याच्या कणगीत ठेवलात तर तो आधी उंदीर वाचतील.