सर्दी लांबली तर : तीव्र सायनसदाहाचे निदान व उपचार

थंडी पडू लागली की नेवासा तालुक्यात ऊसतोडणीला वेग येतो. सोनई व भेंडे येथील साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. पहाटेचा गारठा, धूळ आणि धूर यांचे हे दिवस सर्दीपडशाचेही असतात. नाक चोंदले, गाल वा कपाळ ठणकू लागले की ‘सायनस’ झाला असे समजून औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणण्याकडे अनेकांचा कल असतो. ही घाई टाळणे अगत्याचे आहे.

विकार कसा होतो?

गाल, कपाळ, नाकाचे मूळ व कवटीचा तळ येथील हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. अरुंद वाटांनी त्या नाकाशी जोडलेल्या असतात. सर्दीत अस्तर सुजून या वाटा बुजतात व स्राव आत साचतो. याचे कारण बहुतांशी विषाणू हेच असते. प्रौढांच्या सर्दीपैकी जेमतेम दोन टक्के प्रकरणांत पुढे जीवाणूंचा संसर्ग होतो. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत.

निदान

शेंबूड पिवळा वा हिरवा झाला, एवढ्यावरून जीवाणूंचा संसर्ग ठरत नाही. रंगापेक्षा दिवस मोजावेत. दहा दिवसांनंतरही उतार नसणे, बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटणे, किंवा १०२ अंश फॅरनहाइट ताप व पुवासारखा स्राव सलग तीन-चार दिवस राहणे, या तीन खुणा महत्त्वाच्या होत. साध्या प्रकरणी क्ष-किरण चित्राची गरज नसते. वरच्या दाढेची कीडही गालातील सायनसला बाधते. म्हणून दातही तपासून घ्यावेत.

उपचार

विश्रांती, भरपूर पाणी, वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. मुलांना उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजण्याचा धोका असतो, ती टाळावी. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत. वरील खुणा आढळल्यास डॉक्टर अमॉक्सिसिलिनसारखे औषध ठरवून देतात. ते सांगितलेल्या मात्रेत व तितकेच दिवस घ्यावे. अकारण घेतलेल्या प्रतिजैविकांना जीवाणू दाद देईनासे होतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरते.

विलंब नको

डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणे, असह्य डोकेदुखी, मान ताठणे किंवा भ्रम ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. संसर्ग डोळ्यात वा मेंदूत पसरू शकतो. २०२१ साली कोविडच्या लाटेत महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा प्रादुर्भाव अनुभवला. त्यातील अनेक रुग्ण मधुमेही होते व आजाराचा आरंभ बहुधा नाक-सायनसमधूनच झाला होता. मधुमेही व्यक्तीच्या नाकातून काळसर स्राव आल्यास एक दिवसही दवडू नये.

शिक्षकांनी डोळा सुजलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांना त्वरित कळवावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत, तसेच ऊसतोड कामगारांच्या तळांवर या खुणा समजावून सांगाव्यात. नेमक्या वेळी दिलेली ही माहिती एखाद्याची दृष्टी, प्रसंगी प्राणही वाचवू शकेल.