न भरणारी जखम : निदानासाठी त्वचेचा तुकडा

पायावरची जखम ही खेड्यापाड्यांत नवलाची गोष्ट नव्हे. काटा रुततो, विळा लागतो, ठेच लागते. चार दिवस मलमपट्टी केली की बहुतेक जखमा भरून येतात. परंतु काही जखमा महिना-दोन महिने पट्ट्या बदलूनही भरत नाहीत. उलट पसरतात, कडेने काळ्या पडतात आणि रोग्याची झोप उडवितात. अशा वेळी मलम बदलण्यापेक्षा कारण शोधणे अगत्याचे असते.

कारणे अनेक आहेत. पायाच्या फुगलेल्या शिरा, धमन्यांतील अडथळा, मधुमेह, कुष्ठरोगामुळे आलेली बधिरता, क्षयाचा किंवा बुरशीचा संसर्ग, क्वचित त्वचेचा कर्करोग. याच मालिकेतील एक कमी परिचित कारण म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह.

दाह म्हणजे काय?

शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. त्यांच्या भिंती सुजतात, आत रक्त गोठते आणि पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. पाट बुजला की पुढचा वाफा वाळतो, तसेच हे होय. हा प्रकार एखाद्या औषधामुळे, कावीळ ‘ब’ किंवा ‘क’च्या विषाणूंमुळे अथवा संधिवातासारख्या विकारातून उद्भवू शकतो, पुष्कळदा कारण सापडतही नाही. कुष्ठरोगातील एका प्रतिक्रियेतही असा दाह होतो.

पायांवर हाताला लागणारे, दाबूनही न मावळणारे तांबडे-जांभळे ठिपके, त्वचेवर निळसर जाळी, एकाच वेळी अनेक दुखऱ्या जखमा आणि जोडीला ताप, सांधेदुखी किंवा वजनातील घट ही याची लक्षणे होत. परंतु केवळ लक्षणांवरून खात्री होत नाही. ती होण्यास त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यालाच बायॉप्सी म्हणतात. हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्त बेनिए यांनी १८७९ मध्ये रूढ केला. त्वचेचा गोल तुकडा कापणारे नळीसारखे हत्यार अमेरिकेतील डॉ. एडवर्ड कीज यांनी १८८७ मध्ये वर्णिले. त्याच धर्तीचे हत्यार आजही वापरात आहे.

तुकडा कोठून व केव्हा?

साऱ्या परीक्षेचे यश या प्रश्नावर अवलंबून असते. जखमेच्या मध्यभागी मेलेले ऊतकच मिळते, म्हणून तुकडा कडेचा, लगतच्या त्वचेसह घ्यावा लागतो. लहान वाहिन्यांच्या दाहात एक-दोन दिवसांच्या ताज्या ठिपक्यातील तुकडा अधिक बोलका ठरतो. मध्यम आकाराच्या धमन्या त्वचेखालील चरबीत असल्याने तेथवर खोल जावे लागते. वरवरचा तुकडा अशा वेळी फसवा ठरतो.

जागा बधिर करून साधारण ४ ते ६ मिलिमीटरचा तुकडा काढतात. खोल नमुना हवा असल्यास तो अधिक मोठा घेतात. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. वाहिनीच्या भिंतीत साचलेली प्रतिपिंडे पाहावयाची असल्यास दुसरा भाग वेगळ्या द्रावणात पाठवितात, कारण फॉर्मॅलिनमध्ये ती तपासणी बिघडते. जंतुसंसर्गाची शंका असल्यास आणखी एक भाग जंतूंच्या वाढीसाठी देतात. ही दक्षता महत्त्वाची आहे. दाह शमविण्यासाठी देण्यात येणारी स्टेरॉइड औषधे क्षय किंवा बुरशीच्या जखमेत अपाय करू शकतात.

अहवालाचाही अर्थ तारतम्याने लावावा लागतो. कोणत्याही जुन्या जखमेच्या तळाशी वाहिन्या दुय्यम कारणाने सुजलेल्या दिसू शकतात. उलट, एका तुकड्यात दाह न दिसला म्हणून तो नाहीच, असेही म्हणता येत नाही. प्रसंगी दुसरा तुकडा घ्यावा लागतो. शिवाय हा दाह त्वचेपुरताच आहे की मूत्रपिंडांपर्यंत पोचला आहे, हे पाहण्यासाठी लघवी व रक्त तपासणे आवश्यक असते. मूत्रपिंडाला होणारी इजा प्रारंभी दुखत नाही. म्हणूनच विलंब घातक ठरतो.

आपण काय करावे?

‘तुकडा काढला म्हणजे कर्करोगच असणार’, ‘तुकडा काढल्याने रोग अंगभर पसरतो’, असे समज अजूनही ऐकू येतात. ते निराधार आहेत. पायावरील ही लहान जखम भरण्यास थोडा वेळ लागतो, एवढेच. पायाचा रक्तप्रवाह अगदीच क्षीण असेल, तर डॉक्टर आधी त्याचा विचार करतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. परस्पर बंद मात्र करू नये.

महिनाभरात न सुधारणारी जखम दिसल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी रोग्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याचा आग्रह धरावा. ताप, नवे जांभळे ठिपके किंवा लालसर लघवी असेल, तर एक दिवसही थांबू नये. तेथून त्याला त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठविता येते. जाताना आधीची औषधे व कागदपत्रे सोबत द्यावीत. रोग्याच्या मनातील भीती गावातीलच विश्वासाच्या माणसाने दूर केली, तर वेळेवर घेतलेला एक लहानसा तुकडा त्याचा पाय आणि प्रसंगी प्राणही वाचवू शकेल.