घाबरलेल्या मनानं प्रार्थना कशी करायची?

अगं, विश्वास कमी पडतो म्हणून धास्ती वाटते असं तू म्हणालीस, ते मला मुळीच पटलेलं नाही. रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते, फोन वाजला की पोटात गोळा येतो. यावरून स्वतःच्या विश्वासाचं माप काढू नकोस. मंडळीत कुणीतरी तुला फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय ऐकवला, चिंता करायची नाही म्हणून, आणि तू मान खाली घालून घरी आलीस. ऐकवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण तेच पत्र पहिल्या अध्यायापासून वाच. पौल बंदिवासात आहे, जगणार की मरणार हे त्याला ठाऊक नाही. त्याचा सोबती एपफ्रदीत मरायला टेकला होता, तो वाचला म्हणून आपलं दुःखावर दुःख टळलं, असं तो मोकळेपणानं लिहितो. ज्याच्या मनाला घोर लागतच नाही, असा माणूस हे लिहील का गं?

आपल्याला लहानपणी तेविसावं स्तोत्र पाठ करायला लावतात. तेरावं कुणी शिकवत नाही. त्यात दाविदानं पहिल्या दोनच ओव्यांत देवाला चार वेळा विचारलंय, हे असं आणखी किती काळ चालणार म्हणून. अठ्ठ्याऐंशिवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हणायचं म्हणून आहे. मला याचा फार आधार वाटतो. म्हणजे बघ, स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत आभार आहेत, स्तुती आहे, तशी रड आहे, त्रागाही आहे. तेव्हा तू प्रार्थनेला बसताना शब्द साफसूफ करत बसू नकोस. नोकरी जाईल अशी भीती वाटते, आईचे रिपोर्ट उघडायचा धीर होत नाही, देवा, तुझा राग येतो, जे असेल ते तसंच सांग. एका वाक्यात आटोपलं तरी चालेल. काहीच सुचलं नाही तर तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाच, ते तुझ्या वतीनं बोलेल.

एलीयाची गोष्टही मला या दिवसांत सारखी आठवते. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा संदेष्टा, आणि ईजबेल राणीची धमकी आल्यावर रानात पळाला, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवानं त्याला बोल लावला नाही. दूत आला, भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, खा म्हणाला. तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा उठून जेवला. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, कित्येक दिवसांनी, होरेब डोंगरावर. तू दुपारचा डबा तसाच परत आणतेस आणि मग रात्री गुडघे टेकून शांती मागतेस. आधी जेव, बाई.

आणि एकटी राहू नकोस. गेथशेमानेत प्रभूनंसुद्धा पेत्र, याकोब आणि योहानाला जवळ घेतलं होतं, माझ्यासोबत जागे राहा म्हणाला होता. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण त्यानं सोबत मागितली, मागायला संकोचला नाही. भगिनी मंडळात सगळ्यांपुढे प्रार्थनेची विनंती मांडायची तुला लाज वाटते, तर नको मांडूस. ज्या एका बाईच्या पोटात गोष्ट राहते, तिला सांग. गाणीही म्हण. ‘उपासना संगीत’ काढ, ना. वा. टिळकांची भजनं काढ, आणि ती मनात नाही, चालीवर, मोठ्यानं म्हण. ओळ पुरी करायला श्वास लांबवावा लागतो, त्यानं धडधड थोडी बसते, हा माझा अनुभव आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ही पुन्हा वाच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माउलीच्या जिवाचं काय झालं, आणि त्यांचा स्वतःचा विश्वास नंतर किती सावकाश, आपल्या पावलांनी आला, ते वाचताना उताविळी कमी होते.

एक मात्र मोठी बहीण म्हणून बजावते. इतके दिवस झोप नसेल, कामात हात चालत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. गोळी घेतली म्हणजे प्रभूवरचा भरवसा सुटला, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांग, पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. रात्री अगदीच असह्य झालं, जगणं नको वाटलं, तर कितीही वाजलेले असोत, मला उठव. शिवाय १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घालून ठेव, तिथं चोवीस तास बोलायला माणूस असतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली तर बघ, मला सुट्टी आहे. मी येते तुझ्याबरोबर, बाहेर बसेन.