थोरांचे घर आणि वाचकांचे मन
(‘आहे मनोहर तरी’ या ग्रंथाच्या निमित्ताने)



गायक, नट, लेखक अथवा खेळाडू यांच्यावर लोक जे प्रेम करितात, ते प्रेम कोणत्या जातीचे असते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याच्या घरी घोटभर पाणी प्यालो नाही, तो मनुष्य आपल्याला आप्तासारखा वाटू लागतो. त्याचा आवाज, त्याचे शब्द, त्याच्या लकबी आपल्याला पाठ होतात. पुढे एखाद्या दिवशी त्याचे आत्मचरित्र, किंवा त्याच्या घरच्या माणसाने लिहिलेल्या आठवणी प्रसिद्ध होतात, आणि आपल्या मनातील चित्राशी त्या जुळत नाहीत. मग कोणी रागावतो, कोणी हळहळतो, तर कोणी लिहिणाऱ्याच्या धैर्याची तारीफ करितो. पुस्तक एकच, वाचकही एकाच मनुष्याचे चाहते. मग मते इतकी निरनिराळी का? मराठीतील एका गाजलेल्या उदाहरणावरून हा विषय आपण समजून घेऊ.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजे सर्वांचे पु. ल., यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 रोजी झाला. ते विनोदी लेखक होते, नाटककार होते, पेटी उत्तम वाजवीत आणि चाली बांधीत. ‘गुळाचा गणपती’ (1953) या चित्रपटात कथेपासून संगीतापर्यंत व दिग्दर्शनापासून अभिनयापर्यंत बहुतेक सारा भार त्यांनी एकट्याने वाहिला. ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकाचे त्यांनी 1961 साली एकपात्री प्रयोग आरंभिले, तेव्हा एक मनुष्य रंगमंचावर उभा राहून भरलेल्या नाट्यगृहास तास न् तास हसवू शकतो, हे मराठी प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकास 1965 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे ध्वनिफिती निघाल्या आणि त्यांचा आवाज घरोघरी गेला. ज्या खेड्यांत नाटक कधी आले नाही, तेथेही त्यांची वाक्ये मुलांच्या तोंडी बसली.

अशा या पुरुषाच्या पत्नी सुनीताबाई. त्यांचे माहेर रत्नागिरीचे. 1942 च्या चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. 12 जून 1946 रोजी दोघांचा विवाह झाला. सुनीताबाई स्वतः अभिनेत्री होत्या. ‘वंदे मातरम्’ (1948) या चित्रपटात व पुढे ‘वाऱ्यावरची वरात’ मध्ये त्यांनी काम केले. काव्याचे त्यांना अतोनात वेड. बोरकर व मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम दोघांनी मिळून केले, आणि ज्यांनी ते ऐकले ते श्रोते ते कधी विसरले नाहीत.

1990 साली भारत सरकारने पु. लं.ना पद्मभूषण ही पदवी दिली. त्याच वर्षी मौज प्रकाशन गृहाने सुनीताबाईंचा ‘आहे मनोहर तरी’ हा आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लग्नास तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती आणि पु. ल. हयात होते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ग्रंथात काय आहे? जन्मापासून क्रमवार सांगितलेली हकीकत त्यात नाही. आठवण जशी येईल तशी लेखणी फिरते. माहेर, आईवडील, चळवळ, कविता, स्नेही, प्रवास हे सारे त्यात आहे. परंतु वाचकांचे लक्ष वेधले ते संसाराच्या वर्णनाने. जगाला हसविणारा हा मनुष्य घरात एखाद्या लहान मुलासारखा, व्यवहाराकडे पाठ फिरविणारा व पुष्कळदा आपल्याच नादात असणारा आहे, असे सुनीताबाईंनी निःसंकोचपणे लिहिले. पत्रे, हिशेब, करारमदार, पाहुणे, प्रयोगांची व्यवस्था हा भार कोणी वाहिला, तेही त्यांनी सांगितले. पतीकडून अमुक एका गोष्टीची अपेक्षा होती व ती पुरी झाली नाही, असे म्हणण्यास त्या कचरल्या नाहीत. त्याचबरोबर आपला काटेकोरपणा, आपला हट्ट आणि आपला तापट स्वभाव यांनाही त्यांनी सोडिले नाही.

ग्रंथावर वाचकांच्या उड्या पडल्या, आणि मते दुभंगली. स्थूलमानाने पाहता तीन पक्ष दिसून येतात.

पहिला पक्ष दुखावलेल्या चाहत्यांचा. ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणावी? ज्याने आम्हांस आयुष्यभर हसविले त्याचे उणे आम्हांस ऐकावयाचे नाही,’ असे त्यांचे म्हणणे. या रागात केवळ आंधळी भक्ती होती असे आम्ही म्हणणार नाही. आपल्यास दुःखात ज्याने आधार दिला त्याच्याविषयी मनुष्य कृतज्ञ असतो, आणि कृतज्ञ मनुष्यास उपकारकर्त्याची निंदा सोसत नाही.

दुसरा पक्ष, विशेषेकरून स्त्रीवाचकांचा. त्यांना या पानांत पु. ल. दिसण्याआधी आपलीच घरे दिसली. कर्तबगार पुरुषाच्या पाठीमागे जे हात राबतात, त्यांना प्रथमच कोणी शब्द दिले, असे त्यांना वाटले.

तिसरा पक्ष साहित्यरसिकांचा. कोण चुकले, कोण बरोबर, या वादात तो फारसा शिरला नाही. इतके पारदर्शक व स्वतःलाही न सोडणारे गद्य मराठीत आले, याचाच त्याला आनंद झाला. पुढे गौरी देशपांडे यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि इतर भाषांतही तो गेला.

आमच्या मते या वादाची किल्ली ग्रंथाच्या नावातच आहे. त्यात शब्द तीनच. पण रागावलेल्या वाचकाने केवळ ‘तरी’ हा शब्द वाचला, आणि त्याच्या आधी ‘मनोहर’ हा शब्द आहे हे तो विसरला. ज्या संसाराविषयी तक्रार आहे त्याला लेखिका प्रथम मनोहर म्हणते. आणि मनोहर म्हणूनही ‘तरी’ हा शब्द गिळून टाकीत नाही. दोन्ही शब्द एका दमात उच्चारणे हेच कठीण असते.

आता थोडे मागे जाऊ. पत्नीने थोर पतीविषयी लिहावे, ही रीत मराठीत नवी नव्हती. रमाबाई रानडे यांनी न्यायमूर्तींच्या निधनानंतर ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) लिहिल्या. त्यांत आदराचा सूर प्रमुख आहे. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागशः प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी. त्यांची भजने मंडळ्यांतून गाइली जातात, आणि पुष्कळ घरांत त्यांचे नाव संताच्या नावासारखे घेतले जाते. परंतु स्मृतिचित्रांतील टिळक शीघ्रकोपी आहेत. ते न सांगता घर सोडून जातात, हातात पैसा आला की तो राहू देत नाहीत. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नीवर जो प्रसंग ओढवला तो लक्ष्मीबाईंनी जसाच्या तसा सांगितला आहे.

या ग्रंथाशी आपल्या खानदेशाचेही नाते आहे. चोपड्याहून तापी ओलांडली की धरणगाव दूर नाही. तेथे 13 ऑगस्ट 1890 रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. 1907 साली जळगावी कविसंमेलन भरले, त्यात या कोवळ्या मुलाचे काव्य ऐकून त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे अहमदनगरास टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. आपण ज्या बालकवींस केवळ पाठ्यपुस्तकातील निसर्गकवी म्हणून जाणतो, त्यांचे रुसणारे, हट्टी व लोभस घरगुती रूप लक्ष्मीबाईंनी दाखविले आहे. त्यामुळे त्यांची कविता आपल्याला कमी आवडू लागली काय? उलट, 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेला त्यांचा अकाली अंत वाचताना आपल्याच घरातील कोणी गेल्यासारखे वाटते.

मग प्रश्न असा की, स्मृतिचित्रे सर्वांनी मायेने स्वीकारली, आणि ‘आहे मनोहर तरी’ वर रोष का ओढवला? कारणे तीन दिसतात. एक, काळाचे अंतर. टिळक 1919 साली निवर्तले. ग्रंथ त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. पु. ल. मात्र हयात होते, आणि त्यांचा आवाज कालच ऐकलेला होता. दुसरे, सूर. लक्ष्मीबाई दुःखदेखील हसत सांगतात, तेव्हा वाचकाचा राग उठण्याआधीच विरघळतो. सुनीताबाई स्वतःस व इतरांस प्रश्न विचारतात, आणि प्रश्नाने वाचक अस्वस्थ होतो. तिसरे, पुरुषाचा लौकिक. कवीच्या अंगी लहरीपणा असावयाचाच, अशी लोकांची समजूत असते. परंतु जो सर्वांना हसवितो त्याच्या घरी नित्य हसूच असणार, अशी आपण भाबडी कल्पना करून घेतो.

कधी कलावंत स्वतःच आपले चित्र मोडतो. ‘संत सखू’ (1941) या चित्रपटात हंसा वाडकर यांनी सखूची भूमिका केली, आणि भाविक प्रेक्षकांनी त्यांच्यात संतच पाहिली. त्यांनी आपल्या आयुष्यातील फसगत, व्यसन आणि एकाकीपणा ‘सांगत्ये ऐका’ (1970) या पुस्तकात उघड केला, तेव्हा पुष्कळांस धक्का बसला. पण ज्या बाईने पडद्यावर दुसरीचे दुःख इतके खरे करून दाखविले, तिला स्वतःचे दुःख सांगण्याचा अधिकार नाही, असे कोण म्हणेल? याच पुस्तकाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (1977) हा चित्रपट काढला.

तेव्हा अशी पुस्तके वाचताना कोणते नियम पाळावेत?

पहिला नियम : कृती आणि कर्ता यांची गल्लत करू नये. हिशेब ठेवता न येणे हा संसारातील दोष असेल. त्याने विनोद खोटा ठरत नाही. तसेच विनोद श्रेष्ठ आहे म्हणून घरातील दोष नाहीसा होत नाही. दोन्ही वह्या निराळ्या ठेवाव्या.

दुसरा नियम : आठवण ही एका डोळ्याने पाहिलेली असते. लिहिणारा प्रामाणिक असला तरी तो आपल्या जागेवरून पाहतो. पु. लं.नी स्वतःचे सलग आत्मचरित्र लिहिले नाही. म्हणून या संसाराची एकच बाजू आपल्यापुढे विस्ताराने आहे, हे विसरू नये. मात्र पुस्तक निघाल्यावरही दोघे एकत्रच राहिली, आणि 12 जून 2000 रोजी, लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पु. ल. निवर्तले. सुनीताबाई 7 नोव्हेंबर 2009 रोजी गेल्या. ज्यांचा हा संसार होता त्यांनी तो शेवटपर्यंत सांभाळला, हेही पुराव्यातच धरावे.

तिसरा नियम : लिहिणारा स्वतःस किती सोडतो ते पाहावे. जो दुसऱ्याचेच दोष मोजतो त्याची साक्ष हलकी. जो आपलेही मोजतो त्याची साक्ष जड.

चौथा नियम : पुस्तक न वाचता मत देऊ नये. कोणीतरी सांगितलेल्या दोन वाक्यांवर संतापणाऱ्यांची संख्या प्रत्येक वादात मोठी असते.

पालकांसही एक शब्द सांगावासा वाटतो. आपल्या तालुक्यात केळीच्या बागा सर्वांनी पाहिल्या आहेत. बाजारात घडाचे कौतुक होते. रात्री कंदील घेऊन पिकाला पाणी देणाऱ्या हाताचे नाव कोणी विचारीत नाही. घराघरांतही असेच असते. मुलाने बक्षीस मिळविले, घरधन्याचा सत्कार झाला, तर माळ एकाच गळ्यात पडते. सुनीताबाईंच्या पुस्तकाने काही चाहत्यांस राग आला असेल. परंतु एखाद्या वाचकाने ते मिटून स्वयंपाकघराकडे पाहिले असेल आणि आपल्या घरचे मनुष्य किती वर्षे न बोलता राबत आहे हे त्याच्या ध्यानी आले असेल, तर ते लिहिणे सार्थकी लागले.

आणि मुलांनो, तुम्हीही आज कोणाचे तरी चाहते आहात. त्याचे चित्र भिंतीवर लावा, त्याची गाणी म्हणा, त्याची वाक्ये पाठ करा. परंतु प्रेमासाठी तो निर्दोष असलाच पाहिजे, ही अट घालू नका. आईवडील, गुरुजन, सोबती यांचे दोष तुम्हांस ठाऊक आहेत, तरी तुम्ही त्यांच्यावर प्रेम करिता. जे घरात साधते ते दूरच्या थोर मनुष्याच्या बाबतीत का साधू नये?

विचारासाठी प्रश्न
1. हयात मनुष्याविषयी लिहिताना लेखकाने कोणते पथ्य पाळावे? ते पाळताना सत्य लपविले जाणार नाही, हे कसे साधावे?
2. स्मृतिचित्रांतील कोणताही एक प्रसंग वाचून, तोच प्रसंग टिळकांनी सांगितला असता तर कसा सांगितला असता, ते दहा ओळींत लिहा.
3. आपल्या घरातील ज्या व्यक्तीच्या कामाची वाच्यता कधी होत नाही, तिच्या एका दिवसाचे वर्णन करा. लिहून झाल्यावर ते प्रथम त्याच व्यक्तीला वाचून दाखवा.