बाहेरची ऑफर साहेबांना दाखवण्याआधी

चाकणच्या कारखान्यातून साडेतीन हजार जास्त पगाराचं ऑफर लेटर हातात आलं, की तळेगाव एमआयडीसीतल्या माणसाला ते कधी एकदा साहेबांपुढे ठेवतो असं होतं. दाखवण्यात गैर काही नाही. फक्त त्याआधी जुनी पगारस्लिप आणि नवं पत्र शेजारी ठेवून हातात काय पडतं ते मांडून पाहा.

समजा, आज एकूण पगार २०,५०० आणि बेसिक १२,००० आहे. पीएफचे १,४४०, ईएसआयचे १५४ आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात १८,७०६ येतात. नवी ऑफर २४,००० ची, बेसिक १४,०००. पीएफ १,६८०, व्यवसाय कर २००, हातात २२,१२०. म्हणजे वाढ ३,४१४ रुपयांची.

आता खर्च. आज कंपनीची बस दारात येते, तिकडे बस नाही. तळेगाव ते चाकण जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरा. महिन्याचे २६ दिवस, गाडीचं ॲव्हरेज ४७ आणि पेट्रोल १०५ च्या आसपास, म्हणजे सुमारे २,३०० रुपये. या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट ईएसआयची. सध्या २१,००० पर्यंत पगार असेल तरच ईएसआय लागू होतो. २४,००० वर रुजू झालात की घरच्यांच्या औषधपाण्याची ती सोय गेली. बाहेर मेडिक्लेमचा वर्षाचा हप्ता १५,००० धरला, तरी महिन्याला १,२५० झाले. बेरीज करा: ३,४१४ पैकी ३,५५० गेले. साडेतीन हजारांची वाढ घेऊन घर १३६ रुपयांनी मागे. कँटीनचं स्वस्त जेवण सुटलं तर आणखी मागे. नवी कंपनी बस आणि ग्रुप मेडिक्लेम देत असेल, तर मात्र हेच गणित पूर्ण उलटतं. म्हणून एचआरला पगाराच्या आधी या दोन गोष्टी विचारा.

नोकरीला पाच वर्षं पुरी व्हायला थोडे महिने उरले असतील, तर घाई नको. १२,००० बेसिकवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ३४,६०० होते. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर ट्रान्सफर करा. आणि पत्र कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, हे नीट वाचा. मोठं नाव म्हणजे खात्री नव्हे, हे तळेगावने पाहिलं आहे: जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं आणि तो घेण्याचा ह्युंदाईचा करार व्हायला २०२३ उजाडलं.

एवढं करूनही जायची तयारी असेल, तरच पत्र दाखवा. "मग जा," असं उत्तर आलं तर जाता आलं पाहिजे. खोटं किंवा आकडा फुगवलेलं पत्र तर कधीच नको. पकडलं गेलं तर आहे ती नोकरीही जाईल. आधी आपल्या सुपरवायझरशी बोला, एचआरकडे नंतर. "साहेब, मला इथंच राहायचंय. बाहेरून चोवीस हजारांची ऑफर आहे. आपल्याकडे काही होईल का?" एवढं पुरे. घरच्या अडचणी सांगत बसू नका. कोणत्या मशीनवर एकटे उभे राहता, रिजेक्शन किती कमी केलं, ते सांगा. इथेच पगार २१,००० च्या पुढे गेला तर ईएसआयची कपात सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंतच चालेल आणि पुढे ती सोयही संपेल, तेव्हा वाढीसोबत मेडिक्लेमही मागून घ्या.

लोणावळ्यात हॉटेलवाल्यांचं गणित वेगळं. तिथे पगारापेक्षा राहणं-जेवण मोठं असतं. दुसऱ्या हॉटेलात खोली मिळत नसेल तर लोणावळ्यातलं भाडं आधी विचारून या, मग आकड्यांची तुलना करा. बोलणी मे महिन्यातच करावीत. पावसाळी गर्दी तोंडावर असताना तयार कुक किंवा कॅप्टन सोडणं मालकाला परवडत नाही. ती ओसरल्यावर तुमचा शब्द हलका पडतो.

मालक "बघू, करून देतो" म्हणाले तर नवा आकडा आणि तो कोणत्या महिन्यापासून लागू, हे पत्रावर किंवा मेलवर घ्या. ते हातात येईपर्यंत बाहेरच्या ऑफरला नकार कळवू नका. आणि जायचंच ठरलं तर राजीनाम्याआधी नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड पाहा: तो न भरल्यास कपात बेसिकवर आहे की पूर्ण पगारावर, हे तिथेच लिहिलेलं असतं.